दोन भाषांत स्टँडअप करायचंय? मग शुगर सॅमीकडून शिका

मराठी-हिंदी मिक्स सेट करणारे आता ढिगाने झालेत, पण त्यातले निम्मे मिक्स करतात कारण स्टेजवर ऐनवेळी मराठी शब्द सुचत नाही, त्याला बायलिंग्वल म्हणत नाहीत, ती नुसती घाई. ठरवून, मोजूनमापून दोन भाषांत शो कसा बांधायचा हे शिकायचं असेल तर माझ्या मते एकच माणूस नीट बघा, कॅनडातल्या माँट्रियलचा कॉमेडियन शुगर सॅमी. खरं नाव समीर खुल्लर, आईवडील पंजाबी, जन्म १९७६ चा, इंग्रजी, फ्रेंच, हिंदी, पंजाबी चारही भाषांत कॉमेडी करतो आणि क्युबेकमध्ये, म्हणजे माँट्रियल ज्या फ्रेंचभाषी प्रांतात आहे तिथे, त्याचा नुसता विषय काढला तरी कोणीतरी वैतागतंच.

पहिलं काम म्हणजे जोक लिहायला बसायच्या आधी आपल्या गावातलं भाषेचं भांडण नीट माहीत करून घ्या. वरवर नाही, तारखांसकट. सॅमीचं सगळं मटेरियल तिथूनच येतं. क्युबेकमध्ये १९७७ ला १०१ नंबरचा कायदा आला, सरकारी कामात, ऑफिसात, पाट्यांवर फ्रेंच, आणि बाहेरून आलेल्यांच्या पोरांनी फ्रेंच शाळेतच जायचं. सॅमी त्याच कायद्याचं पोर आहे, म्हणून तर त्याचं फ्रेंच एवढं पक्कं, आणि आता तो त्याच कायद्याची खेचतो. मग १९९५ चं सार्वमत, कॅनडातून वेगळं व्हायला नको म्हणणारे ५०.५८ टक्के, म्हणजे अगदी काठावर पास, आणि हरल्यावर वेगळं व्हायच्या बाजूचे तिथले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जाक पारिझो जाहीर बोलून गेले की आपण पैशामुळे आणि एथनिक, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, मतांमुळे हरलो. आता हा पंजाबी घरातला माणूस स्टेजवर उभा राहून त्याच लोकांना फ्रेंचमध्ये सार्वमतावरून चिडवतो म्हटल्यावर हॉलमध्ये काय होत असेल बघा. २०१३ मध्ये तर हा कायदा राबवणाऱ्या सरकारी भाषा कार्यालयाच्या इन्स्पेक्टरने एका इटालियन रेस्टॉरंटच्या मेनूवर 'पास्ता' शब्द इटालियनमध्ये का लिहिला म्हणून हरकत घेतली होती, जगभर हसं झालं. २०१७ ला तिथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी गिऱ्हाइकाला 'बाँझूर-हाय' न म्हणता नुसतं 'बाँझूर', म्हणजे फ्रेंच नमस्कार, म्हणावं. असं मटेरियल सरकार फुकटात देत असेल तर कॉमेडियनने घरी बसून कल्पना कशाला लढवायच्या.

आपल्याकडेही काय कमी आहे का, २०२२ ची दुकानांवरच्या मराठी पाट्यांची कायदादुरुस्ती घ्या, मग दुकानदार कोर्टात गेले, सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं दोन महिन्यांत पाट्या लावा. हे माहीत असलेला माणूस आणि "मराठी बोला नाहीतर मारतात" एवढंच माहीत असलेला माणूस, दोघांच्या जोकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक सांगतो, मला सॅमीचं सगळंच पटत नाही. चहूबाजूंनी इंग्रजी आणि मध्ये आपण, ही फ्रेंचवाल्यांची भीती खोटी नाही, मुंबईत वाढलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही, आणि कधीकधी तो त्या भीतीवरून फार सहज उडी मारून जातो. पण हे त्याला त्यांच्याच भाषेत, त्यांच्यातलाच होऊन बोलता येतं म्हणून ते तिकीट काढून येतात. यातून घ्यायचा नियम सोपा, ज्या भाषेच्या लोकांची खेचायची ती भाषा तुम्हाला त्यांच्याइतकी यायलाच पाहिजे. मोडकी मराठी बोलून मराठी माणसावर जोक मारणारा हिंदी कॉमेडियन आणि 'भैया' अॅक्सेंट काढून हशा मिळवणारा मराठी कॉमेडियन, दोघंही आळशी.

आता मुख्य भाग, शो बांधायचा कसा. २०१२ ला सॅमीने एकाच वेळी दोन शो सुरू केले, एक 'युअर गॉना रीर' (फ्रेंचमध्ये 'रीर' म्हणजे हसणं), नावापासूनच अर्धा इंग्रजी अर्धा फ्रेंच, आणि दुसरा पूर्ण फ्रेंच. हा दुसरा शो फार महत्त्वाचा. मिक्स शो करणाऱ्यावर पहिला आरोप होतो की याला धड एकही भाषा येत नाही, त्याचं उत्तर त्याने आधीच तयार ठेवलं होतं. म्हणून तुम्ही पण आधी वीस मिनिटांचा शुद्ध एकभाषी सेट करा, हिंदी-इंग्रजीची कुबडी न घेता पूर्ण मराठीत, आणि तो चालला की मगच मिक्स करा.

मिक्स करताना सेटअप, म्हणजे जोकची मांडणी, एका भाषेत आणि पंच, म्हणजे हसवणारी ओळ, दुसऱ्या भाषेत चालतो, पण ज्याच्यावर हसायचं तो शब्द दोघांना कळलाच पाहिजे, नाहीतर अर्धा हॉल हसतो आणि अर्धा शेजाऱ्याला विचारतो "क्या बोला?", आणि तेवढ्यात तुमचा पुढचा जोक पण मेला. उदाहरण देतो. पुण्यात घर शोधतोय, सेटअप हिंदीत, "अंकल ने पूछा नॉनव्हेज खाते हो? मैंने बोला नहीं. दारू? नहीं. दोस्त-वोस्त आते हैं? नहीं." मग काका मराठीत, "म्हणजे तुमचे पैसे उरत असतील. भाडं दोन हजार जास्त." इथे हिंदीवाल्याला 'पैसे' कळतं, 'दोन हजार' कळतं, झालं काम. हेच जर काका म्हणाले "तुमचं भाडं दोन हजार रुपयांनी वाढवावं लागेल असं वाटतंय" तर हसायचा आकडा मध्येच गेला आणि मागे क्रियापदांची मालगाडी, मराठी माणूससुद्धा हसणार नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं हा आपला कायमचा प्रॉब्लेम, पंचच्या वाक्यातून ते सरळ उडवा. आणि वर एक टॅग, म्हणजे पंचनंतरचा जोडपंच, परत हिंदीत, "अंकल, अभी याद आया, मैं दारू पीता हूँ." टॅग ज्या भाषेत सेटअप होता त्याच भाषेत मारला की मगाशी मागे पडलेले लोक परत आत येतात.

भाषा बदलायची ती पात्र बदलताना किंवा मूड बदलताना, मनात आलं म्हणून नाही. आणि भाषांतर करून तोच जोक परत सांगायचा नाही, कधीच नाही, दोन्ही भाषा येणाऱ्यांना तो दोनदा ऐकावा लागतो आणि हॉलमध्ये तेच जास्त असतात.

क्राउडवर्कचं, म्हणजे प्रेक्षकांशी गप्पा मारत हसवण्याचं, बघा. सॅमी समोरच्याला विचारतो कुठला, घरी काय बोलतोस, मत कोणाला दिलंस, आणि मग फ्रेंचवाला, इंग्रजीवाला, इमिग्रंट सगळ्यांची धुलाई करतो. वाटण्या समान पाहिजेत. पंगतीत वाढप्याने एकाच पानावर सगळा ठेचा वाढला तर तो उठणारच, सगळ्यांना थोडा-थोडा वाढला तर तेच लोक पाणी पीत हसतात. सुरुवात स्वतःपासून, मग आपली जात-गाव-गल्ली, आणि मग बाकीचे. सगळ्यात मोठी रिस्कही इथेच, कारण लिहिलेला जोक तुम्ही पन्नासदा तपासता, क्राउडवर्क तोंडातून निघून जातं. मुनव्वर फारुकीला ऑगस्ट २०२४ मध्ये कोकणी लोकांवरच्या शब्दावरून माफीचा व्हिडिओ टाकावा लागला, ते प्रेक्षकांशी गप्पा मारतानाच निघालं होतं. त्यामुळे पहिले काही महिने गावाचं नाव आणि शिवी एका वाक्यात आणू नका, एवढा साधा नियम पाळा.

वाद ओढवून घ्यायचाच असेल तर सॅमीसारखा, कायदा वाचून. डिसेंबर २०१४ ला त्याने माँट्रियलच्या मेट्रोत इंग्रजीत जाहिरात लावली, मला ख्रिसमसला भाषा कार्यालयाची तक्रार हवीय अशा अर्थाची. तक्रार अर्थातच आली. मग त्याने इंग्रजी मजकुरावर काळा पट्टा मारला आणि फ्रेंचमध्ये लिहिलं की ख्रिसमसला मला भाषा कार्यालयाची तक्रार मिळाली. एकाच जाहिरातीची दोनदा बातमी झाली, कोणाला शिवी नाही, कोणाचा धर्म नाही, टार्गेट फक्त एक सरकारी ऑफिस. तो मिक्स शो २०१६ पर्यंत चालला, मग गडी पॅरिसला गेला आणि २०१८ पासून तिकडच्या टॅलेंट शोमध्ये जज म्हणून बसला, तिथेही तिखट बोलण्यासाठीच फेमस.

पण हे जसंच्या तसं इकडे आणू नका. माँट्रियलमध्ये पत्र येतं, आपल्याकडे माणसं येतात. मार्च २०२५ ला कुणाल कामराच्या एकनाथ शिंदेंवरच्या गाण्यानंतर मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडीच्या जागेची तोडफोड झाली, म्हणजे जोक त्याचा आणि खुर्च्या मोडल्या जागावाल्याच्या. म्हणून राजकीय मटेरियल असेल तर जागेच्या मालकाला आधी सांगा, तो नको म्हणाला तर त्याच्यावर भित्रा म्हणून पोस्ट टाकू नका, भाडं आणि दुरुस्ती त्याच्या खिशातून जाते. भारतीय न्याय संहितेची १९६ (गटागटांत वैर पसरवणं) आणि २९९ (धार्मिक भावना दुखावणं) ही दोन कलमं एकदा वाचून काढा, जुन्या दंड संहितेतली १५३अ आणि २९५अ तीच, आणि ओळखीतल्या एका वकिलाचा नंबर सेव्ह करून ठेवा.

शेवटचं राहिलं क्लिपचं. दोन भाषांतला जोक कापताना सेटअप गेला की उरतं ते फक्त दुसऱ्या भाषेत कोणाला तरी हिणवणारं एक वाक्य, आणि तेच फिरतं. त्यामुळे रील टाकायचा असेल तर सेटअपपासून टॅगपर्यंत अख्खा टाका, साठ सेकंदांत बसत नसेल तर तो जोक रीलचा नाहीच, शोसाठी ठेवा. सबटायटल स्वतः टाइप करा, ऑटोवर सोडलं तर मराठीचं हिंदी करून काय वाट्टेल ते छापतं आणि कमेंटमध्ये शिव्या तुम्हाला बसतात.