बसला त काहून बसला? आयडल, लेझी, डॉर्मंट वगैरे शब्दांतला फरक कसा ओळखायचा

डिग्री झाल्यावर दोन वर्षं मी घरीच होतो, म्हणजे तुरीले फवारा मारणं, रात्रीची लाइन आली की ओलिताले जाणं हे सगळं चालूच होतं पण नोकरी नव्हती, अन् पहिल्याच इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं ह्या दोन वर्षांत काय केलं, त मी छाती काढून सांगितलं, "आय वॉज लेझी फॉर टू इयर्स". मले म्हणायचं होतं रिकामा होतो. समोरचे तिघं खाली मान घालून हसले अन् एक जण म्हणे, "अँड नाऊ?"

चूक माझीच, पण डिक्शनरीचाही त्यात हात हाये. आयडल घ्या, लेझी घ्या, इनर्ट घ्या, फिरून फिरून तेच तीन शब्द देते, सुस्त, आळशी, निष्क्रिय. म्हणून आता गावातले पोट्टे संध्याकाळी परीक्षेची तयारी करायले बसतात तेव्हा मी त्यांना पाठांतर सांगतच नाही. शब्द दिसला की आधी विचारायचं, बसला त काहून बसला?

पहिले पाहायचं की दोष त्याचा हाये का. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नसते. आदल्या दिवशी खांदे शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आता दिवसभर तो झूल घालून उभा. हा आयडल. काम नाही म्हणून थांबला, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण नांगराले जुंपला की तासातच बसकण मारते तो लेझी, ते स्वभावात असते. कापसाचा हंगाम सरला की जिनिंगची मशीन आयडल पडते, तिले लेझी कोणी म्हणत नाही. ट्रॅक्टर चालू ठेवून ड्रायव्हर पानठेल्यावर गेला त इंजिन आयडलवर हाये, डिझल जळून राह्यलं अन् काम शून्य. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थच मुळात पोकळ, रिकामा असा होता, म्हणून फुकाच्या धमकीले आयडल थ्रेट म्हणतात. फक्त एक सांभाळा, माणसाबद्दल नाक मुरडून आयडल म्हटलं की तोही टोमणाच होते.

इंडोलंट म्हणजे आपला ऐदी, खाऊन-पिऊन सुखी अन् हात हलवायची इच्छा नाही. मूळ लॅटिन अर्थ दुखत नाही तो, अन् डॉक्टर लोक हळू वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीले अजूनही इंडोलंट म्हणतात. पेपरात असं वाक्य आलं की पोट्टे हमखास आळशी गाठ लिहून येतात.

मग शरीराचं पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारी उठावंसंच वाटत नाही, डोकं जड, ते लेथार्जिक. वासरू कान पाडून बसलं, दूध पीत नाही, तेही लेथार्जिक, आळशी नाही, त्याले ताप असू शकते, डॉक्टर बोलवा. स्लगिश मात्र बाहेरून दिसणारी चाल हाये. उन्हाळ्यातली नदी स्लगिश वाहते, कापसाचा बाजार स्लगिश चालते. नदीले लेथार्जिक म्हणत नाहीत कारण मरगळ यायले अंगात जीव लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परत जागं होणार हाये का? वरुड-मोर्शीकडं मृग बहार धरायचा असला की उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात, बगीचा ताणावर सोडतात. पानं मलूल पडतात, नवख्याले वाटते झाडं गेली, पण मृगाचं पाणी पडलं की फुलं. हे डॉर्मंट, फ्रेंचमधल्या झोपणे ह्या शब्दावरून आलेलं. गुलाबी बोंडअळीही तशीच, हंगाम सरला की वाळल्या बोंडात दोन सरक्या जोडून आत झोपून राहते, म्हणून त फरदड (हंगाम सरल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळली झाडं बांधावर रचून ठेवू नका म्हणतात. बँकेतही तेच. सेव्हिंग खात्यात २ वर्षांच्या वर आपण स्वतः व्यवहार केला नाही त ते डॉर्मंट होते, बँकेनं टाकलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. केवायसी दिलं की खातं जागं. १० वर्षं गेली त पैसा रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, पण तिथूनही मागता येते. म्हणजे झोपला, मेला नाही.

इनर्ट वेगळा. त्याले उठवायचा प्रश्नच नाही, तो कोणाशी रिॲक्शनच करत नाही. चिप्सच्या पुड्यात नायट्रोजन भरतात तो ह्याच गुणासाठी, चिप्स खवट होत नाहीत. १८९४ मध्ये सापडलेल्या आरगॉन वायूचं नावच ग्रीकमध्ये आळशी असं हाये. खुणगाठ सोपी, पाणी घातल्यावर उगवलं त डॉर्मंट, दगडासारखं तसंच राह्यलं त इनर्ट.

लॅटंट म्हणजे लपलेला, टीबी अंगात हाये पण लक्षण नाही तो लॅटंट. स्टॅग्नंट म्हणजे साचलेलं, डबकं, ज्यात डास होतात, अन् वर्षानुवर्षं न वाढलेली मजुरीही. सेडेंटरी म्हणजे बैठं काम, टेलर दिवसभर मशीनवर सेडेंटरी असते पण त्याले लेझी म्हणाल त कात्री फेकून मारेल.

परवा एका पोट्ट्यानं विचारलं, सर, डीपी (लाइनचा ट्रान्सफॉर्मर) जळून आठ दिवस झाले, मोटर बंद पडून हाये, ती काय? म्हटलं मोटर आयडल. म्हणे अन् लाइनमन? म्हटलं त्याले जाऊन विचार काहून बसला, सामानच आलं नसंल त आयडल, नाही त मंग दुसरा शब्द पाहू.