चेंबरच्या बोल्टचे आटे गेल्यावर

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे जे पात्र असते, त्याला गॅरेजमध्ये सगळे चेंबर म्हणतात आणि तेल काढण्यासाठी त्याला जो बोल्ट असतो तो चेंबरचा बोल्ट. हा बोल्ट आवळताना शेवटी हाताला जो टणकपणा लागायला हवा तो न लागता पाना नुसताच फिरत राहिला, की आटे गेले असे समजावे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर बोल्ट गळून पडला, तर चेंबरमधले तीन-साडेतीन लिटर तेल बघता बघता संपते आणि तेलाचा लाल दिवा दिसून गाडी कडेला घेईपर्यंत बेअरिंगचे नुकसान होऊन गेलेले असते.

माझ्या गाडीचा बोल्ट एका गॅरेजात हवेच्या गनने आवळला गेला होता. पुढच्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तो स्वतः उघडला, तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक, चकाकती तार जरीच्या धाग्यासारखी गुंडाळून बाहेर आली. बोल्टाचे आटे मात्र शाबूत होते. बोल्ट पोलादाचा आणि चेंबर ॲल्युमिनियमचे असले की जोर जास्त झाल्यावर हार नेहमी चेंबरच खाते, आणि म्हणून नवा बोल्ट आणून तो त्याच भोकात फिरवून पाहणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपयोगी उपाय ठरतो. दुरुस्ती कोणती करायची हे आटे कोणाचे गेले आणि चेंबर कोणत्या धातूचे आहे, यावरच ठरते. चेंबरला चुंबक लावून पाहावा. चिकटला तर ते लोखंडी पत्र्याचे आहे.

गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जाऊ नये. सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, पुढचा भाग लोखंडी स्टँडवर टेकवावा. तेल सहज वाहण्याइतके कोमट असावे, पण हात भाजेल इतके नाही. बोल्ट सैल होऊन जागच्या जागी फिरत असेल आणि बाहेर येत नसेल, तर त्याच्या कडेखाली पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून बोल्टाला बाहेरच्या बाजूला हलका ताण द्यावा आणि त्याच वेळी पाना उलटा फिरवावा. उरलेसुरले आटे पकड घेतात आणि बोल्ट निघतो. बोल्टाचे डोकेच गोल झाले असेल तर सहा कोनांची घट्ट बसणारी गोटी (सॉकेट) हातोडीने हलकेच ठोकून बसवावी. बारा कोनांची गोटी उरलेले कोपरेही खाते.

बोल्ट बाहेर आला की तो कापडाने पुसून उजेडात धरावा. आटे त्याचेच चपटे झाले असतील तर काम स्वस्तात सुटले: त्याच मापाचा बोल्ट आणि नवा वॉशर आणावा. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत हा बोल्ट 14 मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) असतो, पण काहींत 12 मिलिमीटरचा, सव्वा पिचचाही असतो, त्यामुळे जुना बोल्ट खिशात घेऊनच दुकानात जावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांचे सुटे भाग मिळतात. टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार), ड्रिल आणि इतर हत्यारांसाठी मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट बरी.

चेंबरच्या भोकातले पहिले एक-दोनच आटे चुरडलेले असतील आणि आतले चांगले असतील, तर त्याच मापाचा टॅप हाताने फिरवून ते साफ करता येतात. टॅपच्या खाचांत भरपूर ग्रीस भरावे म्हणजे धातूचा कीस त्यात अडकून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, या चालीनेच जावे. टॅप भोकात सरळ गेला आहे की तिरपा, हे पहिल्या दोन फेऱ्यांतच दोन्ही बाजूंनी बघून ठरवावे. नंतर पश्चात्तापाला वाव राहत नाही.

सगळे आटे गेले असतील तर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे भोक मोठे करून 16 मिलिमीटरचे, दीड पिचचे आटे पाडणे. त्यासाठी साडेचौदा मिलिमीटरचा ड्रिल लागतो आणि बोल्टही त्याच मापाचा घ्यावा लागतो. बोल्टाभोवती धातू जाड असेल तरच हे करावे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे: भोकात पोलादी बुश बसवणे, ज्याच्या बाहेरच्या आट्यांनी तो चेंबरला धरतो आणि आतल्या आट्यांत मूळ मापाचाच बोल्ट बसतो. तारेच्या वेटोळ्यांचेही इन्सर्ट मिळतात, पण दर तेलबदलाला उघडायच्या जागी एकसंध बुश अधिक काळ टिकतो. बुश चेंबरच्या पृष्ठभागाच्या किंचित आत राहिला पाहिजे, नाहीतर वॉशर त्यावर टेकतो आणि तेल झिरपते. स्वतःच आटे कापत जाणारा मोठा बोल्टही बाजारात असतो. लोखंडी पत्र्यात तो चालतो, मात्र ॲल्युमिनियमच्या चेंबरला त्याने तडा जाण्याची भीती असल्याने मी तो वापरत नाही.

लोखंडी चेंबरमध्ये आतून वेल्ड केलेला नटच सुटला असेल, तर चेंबर उतरवून, तेलाचा थेंबही न ठेवता धुऊन, लेथवाल्याकडून नवा नट वेल्ड करून घ्यावा. गाडीला लावलेल्या स्थितीत वेल्डिंग करायला कोणी तयार झाला तरी आपण नकार द्यावा. टेफ्लॉन टेप किंवा दोन पुड्यांचा इपॉक्सी ही दुरुस्ती नव्हे. टेप पकड देत नाही आणि इपॉक्सीने पुढचा तेलबदल अवघड होतो.

ड्रिल किंवा टॅपनंतर पाव लिटर स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्यावे, आणि ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा ओतावे. काढलेले तेल गटारात सोडू नये. मुंबईतले पावसाळी नाले थेट खाडीत आणि समुद्रात जातात, आणि वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते कॅनमध्ये भरून, तेल गोळा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

आता आवळणे, जिथून ही सगळी कहाणी सुरू होते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तसा दबत नाही. जुनाच वॉशर लावल्यावर थेंब टपकतो, थेंब टपकला म्हणून कोणीतरी बोल्ट आणखी आवळतो, आणि आटे त्या शेवटच्या पाव फेऱ्यात जातात. वॉशर प्रत्येक वेळी नवा लावावा. बोल्ट प्रथम बोटांनी, पूर्ण खोलपर्यंत, अडथळ्याशिवाय गेला पाहिजे. त्यानंतर टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच आवळावा. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा 30 ते 40 न्यूटन-मीटर असतो, म्हणजे लांब पाइप लावून लोंबकळण्याइतका तर नक्कीच नाही.

तेल भरून इंजिन दोन मिनिटे चालवावे, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर बोल्ट आणखी आवळायला पाना हातात घेऊ नये. तेल स्वच्छ भांड्यात काढून, वॉशरची बैठक पुसून, दुसरा वॉशर लावावा आणि पुठ्ठा पुन्हा एक रात्र ठेवावा.