उतारावरच्या वाफ्यांना कागदाचा लेप

सासवडकडच्या एका बंगल्यामागचा उतार गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. तीन फुटाला एक फूट उतरणारी मुरमाड जमीन, त्यावर अबोली, लिली आणि गवती चहाचे वाफे. उसाचं पाचट पसरलं की पहिल्याच वळवात सगळं खालच्या गटारात. शेवटी रस्त्याच्या कापलेल्या डोंगरावर मोठ्या टाकीतून फवारतात तसला लगदा आम्ही बादलीत केला. हायड्रोमल्च म्हणतात त्याला; मल्च म्हणजे माती झाकणारं आच्छादन. तंतू, पाणी आणि चिकट, एवढंच असतं त्यात. रस्त्याकडेच्या लगद्यातला हिरवा रंगही शोभेचा नव्हे, कुठे बसलं नि कुठे राहिलं ते दिसावं म्हणून. मी मूठभर गेरू टाकतो.

लगद्याआधी वरून येणारं पाणी वळवा. वाफ्यांच्या वरच्या अंगाला आडवी चारी खणून पाणी बाजूला काढलं नाही, तर लेप एका रात्रीत जाईल. पागोळ्यांचं पाणी वाफ्यात सोडून ‘तुमचं मल्च टिकलं नाही’ म्हणणारे भेटतातच. मग हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढा. पातळ लेपाला ते जुमानत नाहीत. ठिबकच्या नळ्या आत्ताच अंथरा. माती दाताळ्याने आडवी खरवडा, उभी नको. उभ्या रेघा म्हणजे पाण्याला वाटाच.

पाचट वीतभर लांबीचं तोडून दोन बोटं जाडीचं पसरा आणि फावड्याच्या पात्याने जागोजागी मातीत दाबा. त्याची टोकं जमिनीत रुतली पाहिजेत. लेप धरतो तो या टोकांना.

लगद्याला चाळीस चौरस फुटांमागे एक किलो रद्दी, पंचवीस ग्रॅम गवार गम (गवारीच्या बियांची चिकट पूड) आणि साधारण तेरा लिटर पाणी. गुंठ्याला साधारण सत्तावीस किलो रद्दी लागते. चकचकीत कागद घेऊ नका, तो नीट विरघळत नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या रात्रभर भिजवून ड्रिलला रंग ढवळायचा पंखा लावून घुसळा. गवार गम मात्र चहाच्या गाळणीतून, ढवळता ढवळता भुरभुरवा. पहिल्या खेपेला मी पुडी एकदम ओतली. पिठल्याला होतात तशा गाठी झाल्या, त्या फोडण्यात सकाळ गेली. पाव तास थांबलात की पाणी बुळबुळीत होतं. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं.

पाठीवरच्या औषध फवारणीच्या पंपात हे घालू नका. नोझल तुंबतं, मी एक पंप असा घालवला आहे. भिंतीला टेक्स्चर मारायची हॉपर गन भाड्याने मिळाली तर मोठ्या तोंडाची घ्या, नाहीतर पाण्याचा मग आणि मनगट. मगाने खालून वर तोंड करून एक हात मारा, मग वरून खाली दुसरा. एकाच बाजूने मारलं तर ढेकळामागची माती उघडी राहते, आणि पाऊस नेमकी तीच शोधतो. थर पाचट झाकण्याइतकाच हवा. जाड झाला की पापुद्रा सुटतो आणि पाणी आत मुरत नाही. रोपांवर आधी घमेली, डबे पालथे घाला. खोडाभोवती चार बोटं मोकळी ठेवा. पानावर उडालं तर लगेच धुवा, वाळल्यावर खरवडावं लागतं.

सकाळी मारायचं. पुढचे चोवीस तास कोरडे हवेत. मे महिन्यात दुपारी पश्चिमेला ढग दाटले की मी बादली भिजवतच नाही. वाळल्यावर पाइपची धार सोडू नका, पाणी ठिबकनेच.

दोन फुटाला एक फूट किंवा त्याहून उभा उतार असेल तर एवढ्यावर भागणार नाही. पाचटावर काथ्याची जाळी खुंट्या मारून ताणा. सासवडच्या त्या वाफ्यांत पहिल्या दोन पावसांनंतर वरच्या कोपऱ्यात हातभर जागा उघडी पडली. चारीत पानं अडकून पाणी तिथून उलटलं होतं. चारी साफ केली, अर्धी बादली लगदा लावला. बाकीचा लेप अबोली पसरेपर्यंत टिकला, मग मातीतच जिरला.