मांजराचं पोट बिघडलंय? या चुका टाळा

बोका लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये शिरतो, उकरतो, बसतो, कुंथतो आणि काहीच न करता बाहेर येतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घरातलं कुणीतरी लगेच निदान करतं, ‘शी अडकलीय त्याची.’ मग एरंडेलाची बाटली शोधली जाते, फोनवरून मावशीचा सल्ला येतो, कुणी वाटीत दूध ओतून ठेवतं. मांजराचं पोट म्हणजे माणसाच्या पोटाची छोटी आवृत्ती, असं धरून चाललं की असंच होतं. पण उपायांच्या आधी एक चूक होऊन गेलेली असते, आणि ती जिवावर बेतते.

शी की शू, हे न बघणं

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फारच अरुंद असते. त्यात बारीक खडे किंवा चिकट गुठळी अडकली की लघवी तुंबते. तेव्हाही तो तसाच बसतो आणि तसाच कुंथतो. लांबून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. लघवी पूर्ण तुंबली तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचा ठोका बिघडतो आणि एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. भाट्यांमध्ये हे क्वचित होतं, बोक्यांमध्ये बऱ्यापैकी.

म्हणून आधी लिटर तपासा. गोळे होणारं लिटर असेल तर लघवीचे ओले गोळे नेहमीएवढे आहेत का? एकही नाही, किंवा सुपारीएवढे दोन-तीनच आहेत, तर संशय घ्या. घरात दोन मांजरं असतील तर कुणाचं काय हे कळत नाही. अशा वेळी त्याला रिकाम्या ट्रेसह एका खोलीत ठेवा, तळाला वर्तमानपत्र घाला. बोका सारखा मागचा भाग चाटतोय, ओरडतोय, उलटी करतोय, कोपऱ्यात जाऊन बसतोय आणि कागद कोरडाच आहे, तर रात्र असो वा रविवार, त्याला उचला आणि दवाखाना गाठा. ‘सकाळपर्यंत बघू’ इथे चालत नाही. पोट दाबून बघण्याचा मोहही टाळा, तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं.

कुंथण्याचं आणखी एक कारण म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. यात मांजर दिवसातून अनेकदा बसतं आणि दर वेळी थोडीशी, शेंबडासारखी चिकट शी करतं, कधी त्यात रक्ताची रेघ असते. याच्या उलटही घडतं: आत कडक शी अडकलेली असते आणि तिच्या बाजूने पातळ पाणी झिरपतं. मालकाला वाटतं जुलाब लागले, आणि तो जुलाब थांबवणारी गोळी देऊन मोकळा होतो.

माणसांचं औषध मांजराला

एरंडेल देऊ नका. लिक्विड पॅराफिन तोंडातून ओतू नका: त्याला ना चव ना वास, त्यामुळे मांजराला ठसकाही न लागता ते श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात राहिलेल्या तेलाने न्यूमोनिया होतो. सर्वांत धोकादायक म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा फॉस्फेटवाला एनिमा. त्यातलं सोडियम आणि फॉस्फेट मांजराच्या शरीरात शोषलं जातं, कॅल्शियम झपाट्याने उतरतं, झटके येतात आणि प्राणी मरू शकतो. एनिमा लागतो, पण तो डॉक्टरांनी द्यायचा. ‘दुखतंय बिचाऱ्याला’ म्हणून पॅरासिटामॉलही नाही, अर्धी गोळीसुद्धा घातक ठरते.

शी मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं सरबत पशुवैद्यही देतात, हे खरं. म्हणून घरातली आजोबांची बाटली काढू नका. वजनावर मात्रा ठरते, आणि मांजराच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालं असेल तर ते औषध उरलंसुरलं पाणीही आतड्यात ओढून घेतं.

इसबगोल ही तशी निरुपद्रवी गोष्ट, पण कोरडी भुकटी खाण्यावर भुरभुरली आणि मांजर पाणी प्यायलंच नाही, तर आत त्याचा घट्ट लगदा होतो. द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, चिमूटभर, पाण्यात फुगवून, ओल्या खाण्यात कालवून द्या. उकडलेला लाल भोपळा जास्त सोपा: मीठ नाही, फोडणी नाही, बोटांनी कुस्करून एखादा चमचा. निम्मी मांजरं तो हुंगून निघून जातात, तेव्हा मनधरणीची तयारी ठेवा. आणि जुनाट बद्धकोष्ठतेत आतडं पसरून ढिलं पडलेलं असेल तर चोथा वाढवणं उलट त्रासदायक ठरतं, हेही लक्षात असू द्या.

दूध, रस्सा आणि पाण्याची वाटी

‘दुधाने शी साफ होते.’ होते ना! मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही म्हणून जुलाब होतात. जुलाबात पाणी जातं आणि पुढच्या खेपेची शी आणखी कोरडी होते. चिकनचा रस्सा द्यायचा तर आपल्या पातेल्यातला नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो तुकडा असो, पेस्ट असो की मसाला. चिकन नुसत्या पाण्यात उकडा आणि ते पाणी गार करून द्या.

खरा घोळ इथेच आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळायचं. त्यामुळे आपल्या घरातलं मांजरही तहान लागली म्हणून घटाघटा पाणी पीत नाही. कोरड्या दाण्यांत पाणी साधारण १० टक्के असतं, पाऊचमधल्या तयार ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. वर्षभर दाणेच खाणाऱ्या मांजराची शी एप्रिल-मे आला की शेळीच्या लेंड्यांसारखी सुटी, कोरडी पडू लागते. अशा वेळी औषध शोधण्याआधी खाणं ओलं करा. दिवसातलं एक जेवण पाऊचचं, त्यातही दोन चमचे पाणी मिसळून. पाण्याची भांडी एकाऐवजी तीन, पसरट, खाण्यापासून आणि लिटरपासून लांब. मात्र खाण्यात एकदम बदल केला तर पोट दुसऱ्या टोकाला जातं. सात ते दहा दिवस जुन्यात नवं वाढवत न्या.

कारण न शोधता पोट साफ करत राहणं

महिन्यातून दोनदा तोच त्रास होत असेल तर प्रश्न शीचा नाही. म्हातारं मांजर असेल तर मूत्रपिंडं थकलेली असू शकतात किंवा मागचे सांधे दुखत असतील. उंच कडेच्या ट्रेमध्ये चढणं नको म्हणून ते शी दाबून ठेवतं. ट्रेची एक बाजू कापून खाली केली तरी फरक पडतो. घाणेरड्या ट्रेमुळेही तेच होतं. पूर्वी कधी गॅलरीतून पडून कंबरेचं हाड मोडलं असेल तर ते वेडंवाकडं जुळून वाट अरुंद झालेली असते. ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा, वरवर तपासून ती कळत नाही.

बोंबील-बांगड्याचे काटे आणि कोंबडीची हाडं ‘मांजरच आहे, पचवेल’ म्हणून टाकली जातात. हाडांचा चुरा शीत सिमेंटसारखा बसतो आणि टोकदार तुकडा आतड्यात रुततो.

दोऱ्याबद्दल मात्र थांबून वाचा. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीत पडलेला मांजा हे सगळं मांजर चघळतं आणि गिळतं. जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला जमत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा आतड्यात उतरतो आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं. उलट्या, खाणं बंद, शी बंद. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं कापलं जाऊ शकतं. कापूही नका, तसाच दवाखान्यात न्या.

किती वाट बघायची?

बहुतेक मांजरं दिवसातून एकदा शी करतात. एखादा दिवस चुकला पण मांजर खातंय, खेळतंय, लघवी नीट होतेय, तर ओलं खाणं देऊन बघायला हरकत नाही. ४८ तास उलटले तर डॉक्टरांकडे जा. उलटी, सुस्ती किंवा खाणं बंद असेल तर तेवढंही थांबू नका. उपास घालून पोटाला आराम द्यायचा आपला रिवाज मांजराला लावायचा नाही: दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून वेगळाच गंभीर आजार सुरू होतो. लहान पिल्लाचे जुलाब तर त्याच दिवशी दाखवा, त्यातही लस झालेली नसेल तर.

जाताना शीचा नमुना डबीत घ्या, कुंथतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सांगा, घरगुती उपायांसकट. एरंडेल पाजलं असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील, पण एक्स-रे बघून पुढचं ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.