बहुविध बुद्धिमत्ता: बी.एड.च्या पेपरातली आणि वर्गातली

परवा आमच्या शाळेत इंटर्नशिपला आलेल्या मुली लेसन नोट दाखवायला आल्या. सगळ्यांच्या नोटमध्ये शेवटी एकच ओळ, "बहुविध बुद्धिमत्तेचा वापर : गाणे, चित्र, खेळ". मी विचारलं, गाणं नक्की कुठं येणार आणि कशासाठी, तर सगळ्या गप्प. मला माझं बी.एड. आठवलं कारण मी पण अगदी हीच ओळ लिहायचे. म्हणून हे लिहितेय, जे आत्ता कॉलेजला आहेत किंवा नुकते नोकरीला लागलेत त्यांच्यासाठी.

थिअरीचं पटकन सांगते. हॉवर्ड गार्डनर, हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ, १९८३ साली त्यांनी हा सिद्धांत मांडला की बुद्धी एकच नसते, वेगवेगळ्या असतात. आधी अशा सात बुद्धिमत्ता होत्या : भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय (जागा-दिशा-आकाराची), सांगीतिक, शारीरिक-गतिविषयक, आंतरव्यक्ती आणि व्यक्तिअंतर्गत. निसर्गविषयक ही आठवी नव्वदच्या दशकात आली. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्राचे ३० मार्क असतात, त्यात शेवटच्या दोन नावांत गोंधळ होतो, तर आंतरव्यक्ती म्हणजे दुसऱ्यांना ओळखणं आणि व्यक्तिअंतर्गत म्हणजे स्वतःला. थर्स्टन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या सात प्राथमिक क्षमता वेगळ्या, त्या यात मिसळू नका. पण पाठ करण्यापेक्षा गार्डनरना हे सुचलं कसं ते बघा, मग आपोआप लक्षात राहतं. ते मेंदूला इजा झालेल्या पेशंटसोबत काम करायचे आणि एकाची भाषा गेली तरी सूर शाबूत, दुसऱ्याचं बोलणं नीट पण रस्ता सापडत नाही, असं त्यांना दिसायचं. शेबालिन नावाचे रशियन संगीतकार होते, पक्षाघातानंतर त्यांना धड बोलता येत नव्हतं तरी त्यांनी सिंफनी लिहिली. मग बुद्धी ही एकच गोष्ट आहे आणि ती एका आकड्यात मोजता येते असं कसं म्हणणार, हा त्यांचा प्रश्न. सगळ्यांना हे पटलेलं नाही हेही माहीत असू द्या. एका क्षमतेत पुढे असलेली मुलं बहुतेकदा दुसरीतही पुढे असतात असं चाचण्यांत दिसतं, त्यामुळे या आठ बुद्धिमत्ता खरंच सुट्या आहेत का यावर अजून वाद आहे. मोठ्या प्रश्नाला हा मुद्दा जरूर लिहा.

आता माझी चूक. इंटर्नशिपला सहावीचा वर्ग होता. मी कुठून तरी एक प्रश्नावली मिळवली, मुलांकडून भरून घेतली, वर्गाचे आठ गट पाडले आणि भिंतीवर रंगीत तक्ता लावला, कोण कुठल्या बुद्धिमत्तेचा. तपासायला आलेल्या मॅडमना फार आवडला. आठ-दहा दिवसांनी अपूर्णांकाचं उदाहरण घातलं तर एक मुलगा, कबड्डीत एकदम चपळ, वहीच उघडेना. म्हणाला, "मॅडम, माझं गणितात नाहीये ना, माझं शारीरिकमध्ये आहे." मला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. तोपर्यंत त्याला गणित अवघड जात होतं एवढंच होतं, ते आपलं नाहीच हे त्याला मी शिकवलं, तेही छान अक्षरात लिहून. तक्ता त्याच दिवशी काढला पण त्याच्या मनातून तो निघाला की नाही मला आजही सांगता येत नाही.

गार्डनर स्वतः वारंवार सांगत आलेत की बुद्धिमत्ता म्हणजे लर्निंग स्टाइल नव्हे, आणि आपण कॉलेजात नेमकं तेच समजून बाहेर पडतो. हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, अशी वाटणी करून त्याप्रमाणे शिकवलं तर मुलं जास्त शिकतात का, यावर झालेल्या अभ्यासांचा २००८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी आढावा घेतला, त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. सगळ्या आठ गोष्टी प्रत्येक पोरात असतात, कमीजास्त, आणि वाढतात पण.

पालक तुम्हाला अजून एक विचारतील, बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी टेस्ट करावी का. स्पष्ट नाही म्हणा. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये सांगितलंय की तिला शास्त्रीय आधार नाही. घरातले पैसे जातात आणि वर पोराला एक शिक्का लागतो तो वेगळाच.

मग वर्गात करायचं काय? माझं आता असं झालंय की मुलाचा प्रकार शोधत बसत नाही, धडा घेऊन बसते आणि बघते की यात शिरायला वाटा किती आहेत, आणि मग सगळ्या वर्गाला त्या वाटांनी नेते, एकेका गटाला एकेका वाटेने नाही. आणि वाट त्या धड्याच्या आतलीच हवी. पाढ्यांना सिनेमाच्या गाण्याची चाल लावली की पाठांतर होतं, ते वाईट नाही, पण त्यात गुणाकार कळला असं होत नाही.

पाचवीला परिमिती आणि क्षेत्रफळ. पोरं दोन्ही सूत्रं घोकतात आणि पेपरात अदलाबदल करतात, दरवर्षी. मी वर्ग ग्राउंडवर नेला, टेप आणि रेघा आखायची पांढरी फक्की घेऊन. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, पोरांनी स्वतः आखलं. फक्की जिथं पडली ती परिमिती, ४६ मीटर, चालून बघा. आतली सगळी जागा म्हणजे क्षेत्रफळ, १३० चौरस मीटर. मग मधली रेघ मारली आणि विचारलं, आता एका टीमच्या अर्ध्या मैदानाचं किती? क्षेत्रफळ ६५, बरोबर. परिमिती? सगळे ओरडले २३! म्हटलं चाला. चालले तर ३३. भांडणं, परत मोजणं, टेप चुकली म्हणे, आणि मग एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, मधल्या रेघेवर उभी राहून म्हणाली, "ही १० मीटरची रेघ नवीन आलीय, ती दोन्हीकडून मोजायला लागते." त्या दिवशी पळणारे, आखणारे, भांडण मिटवणारे सगळे कामाला लागले होते आणि कुणालाच मी तुझा प्रकार कुठला ते सांगितलं नव्हतं. फक्त एक करा, वर्गात परत आल्यावर लगेच वहीत आकृती आणि उदाहरण घ्या, ते राहिलं तर पोरांना ग्राउंडवर जाऊन आलो एवढंच आठवतं. आणि परीक्षा शेवटी कागदावरच असते.

हे सगळं वाया जात नाही बरं का. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करतो त्यात, निरीक्षण, तोंडीकाम, कृती, प्रकल्प ही साधनं आहेतच. तिथं "खेळात रस आहे" असली छापील नोंद लिहू नका, "मैदान अर्धं केल्यावर परिमिती निम्मी का होत नाही ते रेघ दाखवून सांगितलं" असं लिहा. पुढच्या वर्षीच्या बाईंना तेवढं वाचून मुलगी कळते.

आणि त्या इंटर्नशिपच्या मुलींपैकी एकीने गाण्याची ओळ खोडली आणि सहावीला लसावि असा घेतला : अर्धा वर्ग दादरा ताल, ६ मात्रा, अर्धा केरवा, ८ मात्रा, दोघांनी एकदम सुरू करायचं आणि फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी द्यायची. पहिली सम सोडली तर दोघांची टाळी परत एकत्र कधी पडते ते मोजायचं. दोनदा गोंधळ झाला, तिसऱ्यांदा २४ मात्रा होऊन टाळ्या एकत्र पडल्या आणि वर्ग दणाणला. मग फळ्यावर ६ आणि ८ चे मूळ अवयव. भजनात तबला वाजवणारा एक मुलगा मागच्या बाकावरून उठून विचारायला लागला, "मॅडम, तीनताल आणि झपताल घेतला तर?" १६ आणि १०. वाजवून बघायला गेले तर तिशीच्या आतच मोजणी चुकली, तेव्हा तोच फळ्यापाशी आला, खडू घेतला, अवयव पाडले आणि ८० लिहिलं.