टोमॅटोचा केक किंवा टार्ट गच्च होतोय? या चुका टाळा

उन्हाळ्यात झाडावर पिकलेल्या टोमॅटोला गोडव्याइतकाच वासही असतो, म्हणून त्याचा केक किंवा टार्ट नीट जमला की फार सुंदर लागतो. बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पाणी. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत ९४-९५ टक्के. म्हणजे सफरचंदाच्या केकच्या पाककृतीत सफरचंदाऐवजी नुसते टोमॅटो घातले, तर ते जास्तीचं पाणी थेट केकच्या बुडाशी जाऊन बसतं. वरून केक छान फुललेला आणि खाली कच्चट, चिकट थर!

केकसाठी टोमॅटो कच्चेच मिक्सरमधून काढू नका. बुडाला फुलीसारखा काप देऊन अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात टाका, मग गार पाण्यात. साल अलगद निघतं. टोमॅटो आडवा कापून बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत रस बोटाने काढून टाका. हे जिवावर येतं, पण टाळू नका. त्या रसातच आंबटपणा आणि सूपसारखी चव जास्त असते, आणि गोड पदार्थात तीच नको असते. उरलेला गर पसरट स्टीलच्या भांड्यात मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. चमचा फिरवल्यावर तळ दिसला आणि ती रेघ लगेच भरून आली नाही, की झालं. गर पूर्ण गार होऊ द्या. गरम घातला तर लोणी वितळतं आणि सोडा भांड्यातच उसळून संपतो.

टार्टमध्ये चकत्याच हव्या असतील तर त्यांना साखर लावून अर्धा तास गाळणीत ठेवा. खाली जमलेला रस फेकू नका. तो पाकासारखा होईपर्यंत आटवून भाजलेल्या टार्टवर ब्रशने लावला की चकचकीत दिसतो आणि चवही वाढते. टार्टचं कवच मात्र आधी रिकामंच भाजून घ्या आणि तळाला थोडी बदामाची भरड पसरा. राहिलेला ओलावा ती शोषून घेते.

दुसरी चूक आंबटपणा मारण्यासाठी साखर वाढवत नेण्याची. साखर जास्त झाली की केक सेट व्हायला उशीर लागतो आणि फुगलेला मधला भाग खाली बसतो. त्यापेक्षा एक कप मैद्याला पाव छोटा चमचा खायचा सोडा घाला. तो आंबटपणा कमी करतो आणि केक फुलवतोही. याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते, रंगही तपकिरी पडतो. सोडा मिसळल्यावर मिश्रण ठेवून देऊ नका, लगेच ओव्हनमध्ये जाऊ द्या. दालचिनी आणि जायफळ टोमॅटोला शोभतात. चिमूटभर मीठही घालाच.

टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांचा वास मरतो. टिन अॅल्युमिनियमचा असेल तर आत बेकिंग पेपर लावा, कारण आंबट गराची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन धातूची चव उतरू शकते.

भाजताना वरचा रंग बघून फसू नका. सोड्यामुळे हा केक लवकर तांबूस होतो. १७५ अंशांवर भाजा, रंग फार चढला तर वरून फॉइल झाका आणि सळई अगदी मधोमध खुपसून बघा. बाहेर काढल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना आतला भाग अजून सेट होत असतो आणि सुरीला लगदा चिकटतो.

एवढं करूनही तळ ओला राहिलाच, तर पातळ काप करून १५० अंशांवर कडा कुरकुरीत होईपर्यंत पुन्हा भाजा. असे काप फेटलेल्या क्रीमबरोबर झकास लागतात.