हॉब मध्येच बंद पडायचा, कारण निघालं ड्रॉवरमध्ये

चार झोनचा, म्हणजे भांडी तापवायच्या चार जागांचा बिल्ट-इन इंडक्शन हॉब (ओट्यात बसवलेली इंडक्शन शेगडी). दोन झोन पूर्ण जोरावर ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत आच आपोआप उतरायची, मग हॉब बंद. पहिला संशय वायरिंगवर. हॉबचे एकूण 7200 वॉट भागिले 230 व्होल्ट म्हणजे साधारण 31 अँपिअर. त्यासाठी स्वतंत्र 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होतीच. मेन बंद करून टर्मिनल तपासले: स्क्रू घट्ट, काळवंडलेलं काही नाही.

मग खालचा ड्रॉवर ओढला. पंख्याच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली! पंखा खालून गार हवा ओढतो. ती अडली की आतलं सर्किट तापतं आणि हॉब स्वतःला वाचवतो. पिशवी काढणं हा अर्धाच उपाय. हॉबखाली 20 मिलिमीटर मोकळी जागा ठेवून ड्रॉवरच्या वर प्लायचा आडवा पडदा ठोकला, हवेसाठी मागे 50 मिलिमीटरची फट सोडली. मॅन्युअलमध्ये जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा.

हॉब ओट्याला सिलिकॉनने चिकटवू मात्र नका. सोबतची फोमपट्टी पुरते, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी काच फुटलीच समजा.